छोटी सोशल मीडिया साइट : गर्दी जमते हो, पण राहतं कोण?

उंबरठा (धागाकर्ता)

परत तेच सुरू झालंय. मोठ्या साइटवर काहीतरी बिनसतं, लोक चिडतात, 'आम्ही निघालो' म्हणून जाहीर करतात, कुठल्यातरी नव्या ठिकाणची लिंक फिरते, आठवडाभर तिथे लग्नघराची धांदल, आणि महिन्याने डोकवावं तर मांडववाले खुर्च्या गोळा करतायत. ही वरात मी चार-पाच वेळा तरी बघितलीय, दोनदा तर स्वतः नाचलोय तिच्यात.

म्हणून म्हटलं धागा काढावा. प्रश्न साधा आहे. छोट्या पर्यायी साइटवर टिकाऊ आणि तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची वस्ती होऊ शकते का, की तिथे कायम एकाच साच्यातली दोनशे माणसं एकमेकांची पाठ थोपटत बसणार?

आधी माझं सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये, मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतल्यावर जी पळापळ झाली त्यात मी मास्टोडॉनचा एक छोटा सर्व्हर काढला, आता तो बंद केलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मास्टोडॉन ही एक साइट नाहीये, सॉफ्टवेअर आहे, युजेन रॉचको या जर्मनीतल्या प्रोग्रॅमरने २०१६ मध्ये आणलं, ते कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं आणि असे हजारो सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात, ईमेलसारखं, म्हणजे इकडचा माणूस तिकडच्याला फॉलो करू शकतो. ऐकायला फार भारी वाटतं. मलाही वाटलं होतं.

दोन महिन्यांत तीनशेच्या वर खाती झाली. रोज काही ना काही लिहिणारे चाळीसेक. बाकीचे नुसते वाचणारे, किंवा आले, 'हॅलो जग' लिहिलं आणि गायब. एक बाई होत्या त्यांच्या तीन वर्षांत मिळून अकरा पोस्टी. मी मध्ये एकदा मेलेली खाती साफ करायला काढली तेव्हा त्यांचंही नाव यादीत होतं, आळसामुळे ते काम राहिलं.

एका रात्री दीड वाजता फोन वाजला, साइट पडली. बघतो तर डिस्क फुल. आमच्या लोकांनी टाकलेल्या फोटोंनी नाही हां, आमचे लोक बाहेरच्या ज्या हजारो माणसांना फॉलो करत होते त्या सगळ्यांच्या फोटोंची आणि व्हिडिओंची एकेक प्रत आपल्या सर्व्हरवर येऊन साठते, ती वेळोवेळी झाडायची असते आणि मला तेव्हा हे माहीतच नव्हतं. अंधारात लॅपटॉप उघडून कमांड मारली, तासाभरात जागा झाली, झोपलो. हे सोपं काम.

अवघड काम पुढच्या आठवड्यात आलं. आमच्याकडे एक नवीन सदस्य लिहायची, ऑफिसात तिला तिच्या आडनावावरून काय काय ऐकावं लागतं त्याबद्दल. चांगलं लिहायची, थोडं कडू. तर दोन जुन्या मेंबरांनी तक्रार टाकली की हे कंटेंट वॉर्निंगच्या मागे (म्हणजे आधी इशारा दिसतो, क्लिक केलं तरच मजकूर उघडतो) टाकायला सांगा, सकाळी सकाळी असलं वाचून मूड जातो. भाषा अगदी गोड. आणि नियमांत तसं होतंच की 'तणाव देणारे विषय झाकून टाकावेत', नियम मीच लिहिला होता, दुसऱ्या सर्व्हरवरून उचलून. मी तिला निरोप पाठवला, 'प्लीज झाकून टाकाल का'. तिने 'ठीक आहे' लिहिलं. त्यानंतर तिने काहीच लिहिलं नाही. खातं शेवटपर्यंत होतं.

नंतर कळलं की अमेरिकेत नेमकं हेच झालं होतं. ट्विटरवरून मास्टोडॉनवर आलेल्या कृष्णवर्णीय लोकांना वंशभेदाच्या अनुभवांवर पडदा टाका म्हणून सांगितलं गेलं, आणि त्यातले कित्येक जण हात जोडून परत गेले. ट्रोल लोकांनी हाकलले असते तर निदान दिसलं तरी असतं.

तर माझं आजचं मत असं की छोट्या जागेत वेगळ्या माणसाला घालवायचं काम बाहेरचे गुंड फार कमी करतात. आतले सभ्य लोक करतात, आणि दमलेला अ‍ॅडमिन त्याच्यावर शिक्का मारतो. तुमचं काय म्हणणं?

पाऊलखुणा

वाचतेय. बूड टेकवून वाचायचा धागा आहे.

आडवातिडवा

मनापासून लिहिलंय पण मूळ मुद्दा चुकतोय असं नम्रपणे सांगतो. अहो सभ्य-असभ्य सोडा, आकड्यांचा खेळ आहे. माणूस तिथेच जातो जिथे त्याची माणसं आहेत. माझी बहीण, तिचे सासरचे, माझा जुना बॉस, क्रिकेटवाले, सगळे एका ठिकाणी असतील तर मी तिथे. तत्त्वासाठी कोण रिकाम्या खोलीत जाऊन बसतं?

इतिहास बघा. गूगल प्लस २०११ ला आलं, मागे साक्षात गूगल, पैशाला तोटा नाही, प्रत्येकाचं जीमेल आधीच त्यांच्याकडे, तरी एप्रिल २०१९ ला शटर ओढलं. एलो आठवतंय का कुणाला? २०१४, 'आम्ही जाहिराती घेणार नाही, तुम्ही म्हणजे विकायचा माल नाही' असा जाहीरनामा, आमंत्रणासाठी लोक वेडे झाले होते, आणि त्याच वेळी आतून व्हेंचर कॅपिटल, म्हणजे गुंतवणूकदारांचे पैसे, घेतलेले. २०२३ मध्ये गेलं. 'कू' बघा, ट्विटरसारखंच पण भारतीय, २०२० ला सुरू झालं, सरकारी अ‍ॅप स्पर्धेत बक्षीस, फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारचं आणि ट्विटरचं भांडण लागल्यावर मंत्र्यांपासून सगळे तिकडे, भारतीय भाषा हा त्यांचा हुकमी एक्का, मग नायजेरिया, मग ब्राझील, आणि जुलै २०२४ मध्ये टाळं. पैसेवाला भागीदार शोधत होते, बोलणी फिसकटली. त्यांच्याकडे ऐन भरात रोजचे वीस लाखांच्या वर वापरणारे होते. वीस लाख! आणि तुम्ही चाळीस जणांचं काय घेऊन बसलाय.

विविधता हवी असेल तर गर्दी हवी. गर्दी मोठ्या साइटवरच. हाय काय नाय काय.

रातकिडा

@आडवातिडवा, तुमचीच उदाहरणं तुमच्या विरुद्ध जातायत की. रोज वीस लाख लोक येतात आणि तरी दुकान चालत नाही, म्हणजे रोग आकड्यात नाहीये, खर्चाच्या रचनेत आहे. ज्याने गुंतवणूकदाराचे पैसे घेतले त्याला वीस लाख कमी पडतात कारण त्याला वीस कोटी दाखवायचे असतात. ज्याने घेतले नाहीत त्याला दोन हजार पुरतात.

दुसरं म्हणजे तुम्ही सगळेच एक प्रश्न सोडताय, येतं कोण? पर्यायी साइटवर पहिली लाट बहुतेक वेळा रागावलेल्यांची किंवा हाकललेल्यांची असते. व्होट नावाची साइट होती, रेडिटसारखीच (विषयवार ग्रुपांत चर्चा करायची मोठी साइट ती), रंगरूप पण तेच. २०१५ मध्ये रेडिटने द्वेष पसरवणारे काही ग्रुप बंद केले तेव्हा ती सगळी मंडळी बोचकी घेऊन तिथे. आता तुम्ही कल्पना करा, मोकळ्या गप्पांची जागा म्हणून तुम्ही दार उघडता आणि पहिले हजार पाहुणे हे. एक हजार एकावा माणूस आत डोकावून काय करेल? पळेल. मग उरलेले अजून चेकाळतात. २०२० च्या नाताळच्या दिवशी बंद पडली ती. गॅब म्हणून अशीच एक साइट, तिचंही तसंच, त्यांनी तर २०१९ मध्ये मास्टोडॉनचंच सॉफ्टवेअर घेतलं, मग बाकीच्या सर्व्हरनी धडाधड ब्लॉक करून टाकलं, फुकटच्या सॉफ्टवेअरचा हाही एक गुण, वापरू कुणीही शकतं पण शेजार मिळेलच असं नाही.

थोडक्यात पहिले पन्नास कोण त्यावर पुढचं सगळं. विरजणासारखं आहे.

सदू_शांत

ऑर्कुटवर स्क्रॅपबुकात 'हाय, फ्रेंड करशील का' लिहून गेलेले किती जण या धाग्यावर आहेत, हात वर करा. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा मी खरंच अर्धा तास शांत बसलो होतो. बाकी तुमचं चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निळीशाई

मी सहसा वाचनमात्र असते पण 'मोठी साइट म्हणजे विविधता' हे वाचून राहवलं नाही.

मला दिसत नाही. स्क्रीन रीडर वापरते, एनव्हीडीए. म्हणजे पडद्यावरचा मजकूर कॉम्प्युटर मला वाचून दाखवतो. आता मोठ्या साइटवर माझी टाइमलाइन कशी ऐकू येते सांगते : 'इमेज. इमेज. हसणारा चेहरा, हसणारा चेहरा, हसणारा चेहरा, हसणारा चेहरा. बघा हे!! इमेज.' संपलं. अब्जावधी लोक असतील तिथे, माझ्यासाठी ती मुकी गर्दी आहे.

मास्टोडॉनवर फोटोखाली वर्णन लिहायची पद्धत पडलीय, ऑल्ट टेक्स्ट. सक्ती नाहीये कुठे फारशी, पण वर्णन न लिहिता फोटो टाकला तर कुणीतरी हळूच आठवण करतं, काही जण तर स्वतःच्याच खात्याला आठवण करून देणारा बॉट लावून ठेवतात. पहिल्या आठवड्यात एकाने त्याच्या मांजराचा फोटो टाकला होता, वर्णन असं : 'करड्या रंगाची मांजर कीबोर्डवर आडवी, एक पंजा डिलीटच्या बटणावर, चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही'. मी एकटीच मोठ्याने हसले. सोशल मीडियावरच्या फोटोला मी हसले असं त्याआधी कधी झालं होतं मला आठवत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या कंपन्यांची अ‍ॅप्स एका फटक्यात बंद केली, त्यात अंध लोकांची आवडती अ‍ॅप्सही गेली. बरेच जण तेव्हा इकडे आले, आणि ते परत गेले नाहीत. तुमच्या हिशेबात बघा, 'परत गेले' वाल्यांत आम्ही बसत नाही.

आडवातिडवा

@निळीशाई, मांजराचं वर्णन भारी. आणि तुमचा मुद्दा मान्य, हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण मग ती अंध लोकांची वसाहत झाली ना, विविधता कशी?

निळीशाई

अहो मांजरवाला डोळस होता. तोच तर मुद्दा.

जुनी_वही

काका-आजोबांच्या जमान्यातली उदाहरणं देतो, कारण सगळे फक्त गेल्या दहा वर्षांचंच बोलतायत आणि टिकाऊ म्हणजे काय हे बघायचं तर वीस वर्षं टिकलेल्यांकडे बघायला हवं ना.

मेटाफिल्टर. लिंका टाकून चर्चा करायची साइट, १९९९ पासून आहे. मध्ये त्यांनी नवीन सदस्य घेणंच बंद केलं होतं, मग २००४ मध्ये दार परत उघडलं ते एकदाच भरायचे ५ डॉलर ठेवून. पैसे मिळवायला नव्हे फारसे, उंबरठा म्हणून (धागाकर्त्याची माफी मागून). ज्याला फक्त शिवी घालून पळायचंय तो ५ डॉलर भरत नाही. पगारी मॉडरेटर (तक्रारी बघून वाद आवरणारे) ठेवले होते. पुढे गूगलच्या शोधात साइट खाली ढकलली गेली, जाहिरातीचं उत्पन्न आटलं, २०१४ मध्ये माणसं कमी करावी लागली, तेव्हा सदस्यांनीच वर्गणी काढून धरून ठेवली.

ड्रीमविड्थ. लाइव्हजर्नल या जुन्या ब्लॉग साइटमध्ये काम केलेल्या लोकांनी त्याचाच कोड घेऊन २००९ मध्ये सुरू केली. जाहिरात नाही, गुंतवणूकदार नाही, ज्यांना जास्त सोयी पाहिजेत ते पैसे देतात, बाकीच्यांना फुकट. अजून चालू आहे. कधी बातमीत येते का? नाही. वाढते का? फारशी नाही. चालू आहे.

आणि आर्काइव्ह ऑफ अवर ओन. २००७ मध्ये लाइव्हजर्नलने एका रात्रीत शेकडो खाती उडवली, फॅन फिक्शन (आवडत्या पुस्तकांतली-मालिकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या गोष्टी) लिहिणाऱ्या बायका भडकल्या (हो, मोठ्या संख्येने बायकाच), आणि दुसऱ्याच्या जागेत राहायचं नाही म्हणून स्वतःची संस्था काढली, स्वतः कोड लिहायला शिकल्या. २००९ च्या नोव्हेंबरात साइट उघडली. देणग्या आणि स्वयंसेवक. २०१९ ला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला त्या साइटला. तर राग हे वाईट भांडवल आहे हे रातकिड्याचं म्हणणं अर्धंच खरं, त्यांच्या रागाला पुढे काम मिळालं.

आडवातिडवा

५ डॉलर म्हणजे ज्याच्याकडे परदेशात चालणारं कार्ड आहे त्यालाच प्रवेश. कॉलेजातल्या पोरांनी काय करायचं, घरातला व्यवहार नवऱ्याच्या हातात असलेल्या बाईने काय करायचं? दारात फी ठेवलीत की विविधता तिथेच गळली. टिकाऊपणा मिळाला तुम्हाला, मान्य. पण धाग्याच्या प्रश्नात दोन शब्द आहेत.

जुनी_वही

बिनतोड आहे हे. याला माझ्याकडे उत्तर नाही. ड्रीमविड्थची पद्धत त्यातल्या त्यात बरी, थोडे देतात आणि सगळे वापरतात, पण त्याला 'थोडे' पुरेसे लागतात.

गरुडपुराण

सगळे अ‍ॅडमिन हुकूमशहाच असतात. मोठा हुकूमशहा निदान मला ओळखत तरी नाही. छोट्या साइटवरचा मला नावानिशी ओळखून हाकलतो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

सदू_शांत

गरुडपुराण हा कुणाचा डुप्लिकेट आयडी आहे ते कळलंय मला, पण बोललाय खरं.

पागोळी

सगळी चर्चा मास्टोडॉनभोवती फिरतेय, ब्लूस्कायचं कुणी नावच घेत नाहीये. तिकडे जे होतंय ते जरा वेगळं आहे.

ट्विटरच्याच आत २०१९ मध्ये तिच्या संस्थापकांपैकी जॅक डॉर्सीने सुरू केलेला प्रकल्प, नंतर वेगळी कंपनी झाली. बराच काळ आमंत्रणाशिवाय आत घेत नव्हते, फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. मग ऑगस्टच्या शेवटी ब्राझीलमध्ये कोर्टाने एक्स (म्हणजे ट्विटरच, नाव बदललेलं) बंद केलं आणि काही दिवसांत वीस लाखांच्या वर लोक आले, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीनंतर दोन कोटींचा टप्पा पार. इथपर्यंत वरातच, बरोबर. पण त्यांनी दोन गोष्टी अशा केल्या की आलेला माणूस पहिल्या दिवशी एकटा पडत नाही. एक म्हणजे स्टार्टर पॅक, कुणीतरी 'हे पन्नास पक्षीनिरीक्षक' किंवा 'हे साठ भाषांतरकार' अशी यादी करून ठेवतो, तुम्ही एक बटण दाबलं की सगळे फॉलो. मास्टोडॉनच्या छोट्या सर्व्हरवर नव्या माणसाला टाइमलाइन रिकामी दिसते, कारण त्या सर्व्हरवरच्यांनी ज्यांना फॉलो केलंय त्यांच्याच पोस्टी तिथवर पोचतात. नवा माणूस म्हणतो इथे कुणीच नाही, आणि निघून जातो. भरल्या घरात दिवा न लावल्यासारखं आहे ते.

दुसरं, फीड (कुठल्या पोस्टी समोर याव्यात ती निवड) आणि मॉडरेशन कंपनीशिवाय बाकीचेही करू शकतात. रूडी फ्रेझर यांनी सुरू केलेलं ब्लॅकस्काय बघा. कृष्णवर्णीय लोकांसाठी वेगळं फीड, त्यांचे स्वतःचे मॉडरेटर, त्यांचे स्वतःचे नियम, पुढे तर स्वतःची यंत्रणाही उभी केली. म्हणजे उंबरठांकडे ज्या बाई गप्प झाल्या त्यांना तिथे 'झाकून टाका' म्हणायला कुणी येणार नाही, कारण नियम लिहिणारेच त्या अनुभवातले. आणि तरी दार बाकीच्या कोट्यवधी लोकांकडे उघडं.

अर्थात कंपनीने गुंतवणूकदारांचे पैसे घेतलेत हेही खरं, एलोची आठवण येतेच.

रातकिडा

पागोळी +१. वस्ती छोटी, गाव मोठं, असं काहीतरी.

उंबरठा

किती प्रतिसाद आले, धन्यवाद मंडळी. एकेकाला उत्तर द्यायला बसलो तर रात्र जाईल म्हणून जमेल तसं.

आडवातिडवा, 'चाळीस जणांचं काय घेऊन बसलाय' हे जरा लागलं, पण ठीक. मला चाळीसचे चार लाख करायचेच नव्हते हो. पण चाळीस जणांत सुद्धा बाविसावा माणूस पहिल्या एकवीस जणांसारखाच असेल तर तो चाळिसांचा प्रश्न आहे, आकडा वाढवून तो सुटत नाही, तेच लोक अजून येतात. आमच्याकडे आलेले बहुतेक सगळे कॉम्प्युटरवाले, कारण मी कॉम्प्युटरवाला, माझे मित्र कॉम्प्युटरवाले, आणि मास्टोडॉनवर खातं काढायचं तर 'आधी सर्व्हर निवडा' हा प्रश्न तेव्हा यायचा तिथेच इतर लोक गळायचे. आपली काकू म्हणते सर्व्हर म्हणजे काय रे. संपलं. म्हणजे विरजण मीच होतो, आणि दही माझ्यासारखंच लागणार होतं.

गरुडपुराण, तुमचं वाक्य घेऊन मी दिवसभर फिरलो. खरंय. मी त्या बाईंना निरोप पाठवला तेव्हा माझ्या हातात सगळं होतं, नियम माझा, निकाल माझा, आणि वरती अपील करायला पण मीच. मोठ्या साइटवर निदान आपण 'यंत्राने चुकून केलं असेल' असं स्वतःला समजावतो.

पण दुसरी बाजू पण सांगतो म्हणजे अ‍ॅडमिनबद्दल थोडी दया येईल. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या अ‍ॅप्सकडून पैसे घ्यायचं ठरवलं, जूनमध्ये मोठा बंद पाळला गेला, आणि लोक लेमी नावाच्या पर्यायाकडे वळले. तिथे बीहॉ म्हणून एक सर्व्हर होता, सभ्य, नीट नेटका, खातं काढताना 'इथे का यायचंय' ते लिहून द्यावं लागायचं. चालवणारे चौघे. शेजारी दोन मोठे सर्व्हर ज्यांचं दार सताड उघडं, तिथून रोज इतकी घाण यायला लागली की चौघांना आवरेना, शेवटी त्यांनी त्या दोन सर्व्हरशी संबंधच तोडले. आता तिकडची हजारो चांगली माणसं पण तुटली. लोकांनी शिव्या घातल्या, भिंती बांधताय म्हणून. पण चार माणसांनी करायचं काय? त्यांच्याकडे हत्यारं दोनच होती, एकेक माणूस निवडून काढा नाहीतर अख्खं गाव तोडा. मधलं काही नव्हतं. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आधी सुचत नाही कारण ते लिहिताना त्यांच्या डोळ्यासमोर त्यांचे मित्र असतात.

मी त्यानंतर एक केलं. 'झाकून टाका' चा नियम बदलला : रक्तपात, आत्महत्या वगैरे झाकायचं, स्वतःवर काय बेतलं ते झाकायची गरज नाही, ज्याला नको त्याने म्यूट करावं. आणि तक्रारी बघायला माझ्यासोबत दोघांना घेतलं, दोघंही कॉम्प्युटरवाले नव्हते, एक शिक्षिका, एक नर्स. नर्सबाईंचा निर्णय मला वाटायचा त्याच्या उलट यायचा दहातून चार वेळा तरी. आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा. ज्या गेल्या त्या मात्र परत आल्या नाहीत, मी एकदा माफीचं लिहिलं होतं, वाचल्याचं पण कळलं नाही.

निळीशाई, तुमचा प्रतिसाद मी त्या दोघांना पाठवलाय.

पाऊलखुणा

मग बंद का केलात? नियम बदलले, माणसं मिळाली, सगळं रुळावर आलं असं वाटतंय वाचून.

उंबरठा

सरळ सांगतो, पैशासाठी नाही. वर्गणी यायची, होस्टिंगचं भागत होतं. मी आजारी पडलो. सहा आठवडे. मोठं काही नाही पण कॉम्प्युटरसमोर बसायची परवानगी नव्हती. त्या काळात मॉडरेशन दोघींनी सांभाळलं पण सर्व्हरचा पासवर्ड, डोमेनचं नूतनीकरण, बॅकअप, सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यात. डोमेन संपायला चार दिवस राहिले असताना मला अंथरुणात आठवलं. तेव्हा ठरवलं की हे असं चालवणं म्हणजे तीनशे माणसं माझ्या तब्येतीवर टांगून ठेवणं आहे. आणि डोमेन ही चीज किती नाजूक असते बघा, फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीअर डॉट एएफ नावाचा एक सर्व्हर रातोरात गेला, कारण डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन आणि तालिबानच्या मंत्रालयाने ते काढून घेतलं. आपलं तसं काही नव्हतं, आपला तालिबान म्हणजे माझा विसरभोळेपणा.

कुणी घेतं का म्हणून विचारलं, तांत्रिक बाजू घ्यायला कुणी तयार नव्हतं. मग तीन महिन्यांची नोटीस दिली आणि बंद केला.

आडवातिडवा

हे वाचून खरंच वाईट वाटलं हो. चाळीसवाल्या वाक्याबद्दल सॉरी. पण मग माझा मुद्दाच सिद्ध झाला ना, टिकाऊ नाही? लोक कुठे गेले? सगळे आपापले परत मोठ्या साइटवर?

जुनी_वही

थांबा थांबा. सर्व्हर टिकणं आणि वस्ती टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाइव्हजर्नलची साइट अजूनही आहे की, ते लोक कुठे आहेत?

पागोळी

मास्टोडॉनमध्ये खातं हलवता येतं ना? फॉलोअर आपोआप मागून येतात. जुन्या पोस्टी मात्र येत नाहीत, ती मोठी रड आहे. आठवणी जुन्या घरातच राहतात.

उंबरठा

हो पागोळी, तसंच. नोटीस दिल्यावर मला वाटलं होतं जो तो आपला जाईल. साठेक जण कुठे गेले माहीत नाही, बरेच कायमचे गप्पच होते, काही परत मोठ्या साइटवर, आडवातिडवा, ते तुमच्या खात्यात धरा. पण रोज बोलणाऱ्यांपैकी तीस-बत्तीस जण एकाच नव्या सर्व्हरवर एकत्र गेले. त्यात शिक्षिका आणि नर्स दोघी, कॉम्प्युटरवाले अर्धेच, आणि मागच्या वर्षी आलेली तीन-चार अगदी कॉलेजातली मुलं ज्यांच्याशी माझं कधी पटलं नाही. तिकडे अ‍ॅडमिन पाच जण आहेत, पासवर्ड तिघांकडे. मी पण तिथेच आहे, नुसता मेंबर. फार बरं वाटतं नुसतं मेंबर असायला.

आणि हे मी जुळवून आणलेलं नाही. नोटीस लागल्याच्या तिसऱ्या दिवशी एकीने पोस्ट टाकली, सोबत यादी. कोण कुणाशी बोलतं, कुणाला मोठ्या अक्षरांचं अ‍ॅप लागतं, कोण आपण विचारल्याशिवाय स्वतःहून बोलणार नाही, कुठल्या कुठल्या सर्व्हरचे नियम तिने वाचून काढलेत आणि त्यात 'झाकून टाका' वाला नियम कुठे कसा आहे, सगळं. तीन वर्षं ती हे सगळं नुसतं वाचत होती.

निळीशाई

त्याच का? अकरा पोस्टीवाल्या?

उंबरठा

त्याच. ती बारावी.

सदू_शांत

आणि तुम्ही त्यांना मेलेलं खातं म्हणून उडवणार होतात. धन्य आहात. नवीन सर्व्हरची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पॉपकॉर्न संपलंय.